हार्ड डिस्क गेली... मग डेटा मिळाला का? आपापले अनुभव लिहा

खिडकीपाशी
काल भाची आलेली, तिचा जुना लॅपटॉप चालू केला तर आतून टक् टक् टक्, थोडं थांबून परत टक् टक्. म्हणाली मावशी फॅन असेल. फॅन कसला! हा आवाज मी 2013 साली ऐकलाय. पॉवरचं बटण दाबून धरलं आणि सरळ बंद केला, ती बघतच राहिली.

तेव्हाचं सांगते. आमच्या अण्णांनी (सासरे) रिटायर झाल्यावर गावाकडच्या म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या, हळदीची, डोहाळजेवणाची गाणी गोळा केलेली. काही रेकॉर्ड केलेली, काही स्वतः एका बोटाने टाईप केलेली. सगळं एकाच लॅपटॉपवर. तो चालू असताना सोफ्यावरून सटकला. उंची म्हणाल तर गुडघ्याएवढी, पण आतली तबकडी मिनिटाला 5400 फेरे घेत असते आणि डेटा वाचणारं हेड तिला न टेकता वरून तरंगत असतं, त्यामुळे तेवढा दणका पुरतो. कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला म्हणाला ठेवून जा, फॉरमॅट मारून देतो. अण्णा हो म्हणायच्या बेतात, मी लॅपटॉप काखोटीला मारून बाहेर.

मग कोणीतरी लॅमिंग्टन रोडचा पत्ता दिला. त्या माणसाने डिस्क कानाला लावली, एकदाच चालू केली आणि म्हणाला हेड गेलंय, आता याला करंट द्यायचा नाही. क्लीन रूममध्ये (म्हणजे धूळ नसलेल्या खोलीत) उघडायची, तंतोतंत त्याच मॉडेलची दुसरी डिस्क शोधून तिचं हेड इकडे बसवायचं. अठरा हजार सांगितले, डेटा नाही आला तर पैसे नाहीत. अण्णा म्हणे त्यात नवा लॅपटॉप येईल (खरंच आला असता).

डेटा आला! रेकॉर्डिंगं वाजली. पण टाईप केलेल्या फाईली उघडल्या तर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं. कारण तो युनिकोडच्या (आता सगळीकडे मराठी सारखंच उमटतं ती पद्धत) आधीचा फॉन्ट आणि फॉन्ट राहिला जुन्या विंडोजमध्ये. शेवटी आमच्या तालुक्याच्या गावी लग्नपत्रिका छापणारा एक आहे, त्याच्याकडे निघाला. फॉन्ट टाकला आणि पहिल्याच पानावर शेजारच्या काकूंची ओवी, "इथे म्हातारी रडली" अशा अण्णांच्या कंसातल्या टीपेसकट.

तुमचे पण लिहा. मिळालेले, न मिळालेले, सगळे.

बोरकूट
आमच्याकडे दिराने डिस्क फ्रीजरमध्ये ठेवलेली, इंटरनेटवर वाचून. मटारच्या पिशवीशेजारी. सासूबाईंनी बाहेर काढून विचारलं हे काय नवीन 😂 डेटा काही आला नाही

घाटमाथा
@बोरकूट फ्रीजरचं ते फार जुन्या डिस्कांच्या काळातलं आहे, तेव्हा कधीतरी चार-दोन मिनिटं चालायची म्हणे. आता करू नका, बाहेर काढली की आत दव धरतं आणि तसंच फिरवलं तर उरलंसुरलं पण जातं.

माझा अनुभव थोडा वेगळा, टकटक नव्हती, डिस्क फक्त भयंकर स्लो झाली, फोल्डर उघडायला चहा होऊन यायचा. विंडोज सारखं विचारायचं डिस्क तपासून दुरुस्त करू का, तर तिथे हो म्हणू नका, चेकडिस्क त्याच मरायला टेकलेल्या डिस्कवर लिहीत सुटतं. मी उबुंटूचा (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम) पेनड्राईव्ह लावून बूट केलं आणि डीडीरेस्क्यू चालवलं, फुकट आहे. ते आधी जे पटकन वाचता येतंय ते सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतं, अडलेला भाग सोडून पुढे जातं, आणि मग शेवटी त्या अडलेल्या भागाकडे परत वळतं. शिवाय कुठवर आलोय त्याची नोंद मॅप फाईलमध्ये ठेवतं. आमच्याकडे तेव्हा लोडशेडिंग, लॅपटॉपची बॅटरी मेलेली, लाईट गेली की धप्प. पण परत तीच कमांड दिली की जिथे थांबलं तिथून पुढे. हे नसतं तर मी दर वेळी शून्यापासून सुरू करत बसलो असतो. शेवटी अगदी थोडं वाचता आलं नाही, ते कुठल्या फाईलीतलं होतं ते आजवर जाणवलेलं नाही. फाईली शोधायच्या त्या कॉपीवर, मूळ डिस्कला नंतर हात लावायचा नाही.

टकटक असेल तर मात्र हे घरी करू नका, खिडकीपाशी ताईंनी केलं तेच बरोबर.

सातारी_तर्री
लॅमिंग्टन रोड म्हटलं की मला ग्रँट रोड स्टेशनबाहेरचा उसाचा रस आठवतो. कॉलेजात असताना रॅम घ्यायला गेलेलो, भाव करता करता सगळे पैसे रॅममधेच गेले, रसाचे मित्राने दिले. अजून मागतो भडवीचा

अर्धा_कप
@सातारी_तर्री भाषा 😄

माझी एसएसडी होती, म्हणजे तबकडी नसलेली, चिपवाली डिस्क. आवाज नाही, काही नाही, संध्याकाळी मीटिंग केली, सकाळी बायोसमध्ये (विंडोजच्या आधीचा सेटिंगचा स्क्रीन) दिसेचना. आणि नवऱ्याच्या एसएसडीवरच्या फाईली चुकून डिलीट झालेल्या त्या पण गेल्या. दुकानवाल्याने सांगितलं की जुन्या फिरत्या डिस्कवर डिलीट केलं तरी मजकूर बराच काळ पडून असतो, एसएसडीत ट्रिम नावाचं असतं ते मागच्या मागे झाडून टाकतं. म्हणजे जुनं ते सोनं म्हणायचं का आता

तिरफळ
मी फोटो परत मिळवले पण कसे ते ऐका. भावाने डिस्क फॉरमॅट केलेली, नंतर लक्षात आलं बहिणीच्या लग्नाचे फोटो तिच्यातच. फोटोरेक लावलं. ते नाव, फोल्डर काही बघत नाही, नुसती फाईल कुठे सुरू होते ते ओळखून उचलतं. झालं काय, फोल्डरांमागून फोल्डर, सगळ्या फाईलींची नावं एफ आणि पुढे आकडे. लग्नाचे फोटो आले, त्यात भावाने कधीतरी बघितलेल्या वेबसाईटींची चित्रं, बटणं, जाहिराती पण आल्या. आई माझ्या शेजारी बसून "हे कोण? हे आपल्यातले नाहीत" 😂 सप्तपदी सापडली ती मोटरसायकलच्या जाहिराती आणि दहावीच्या हॉल तिकिटाच्या मधे. साईजप्रमाणे लावलं की मोठे फोटो एकत्र येतात, हे अर्धं काम झाल्यावर कळलं.

खिडकीपाशी
@तिरफळ आई 😂😂 आमचे अण्णा पण असेच शेजारी बसायचे

परदेशी_पुणेकर
वाचतोय. माझं नाही मिळालं. एम.फिल.चा सगळा फील्डवर्क. डिस्क टकटक करत असताना हॉस्टेलवरच्या मित्रांनी रात्रभर चालू-बंद चालू-बंद केली, चांगल्या मनानेच. उघडल्यावर लॅबवाल्याने फोटो पाठवला. तबकडी काचेची असते हे तेव्हा कळलं, हेडने वरचा थर खरवडून टाकलेला, गोल पट्टाभर आरपार दिसत होतं. म्हणाला जिथे थरच नाही तिथे वाचणार काय. वह्या होत्या म्हणून निम्मं परत लिहिलं.

बोरकूट
अरेरे 😔 वाईट वाटलं वाचून

घाटमाथा
मित्रांना काय बोलणार. आपण पण तेच केलं असतं त्या वयात.

सातारी_तर्री
भावा वह्या होत्या हे लई झालं. कागदाला करंट लागत नाही

निवांतपणा
प्रश्न आहे, अनुभव नाही. लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला, एसएसडी चांगली आहे. बाहेर काढून केसमध्ये घालून दुसऱ्या लॅपटॉपला लावली तर 48 आकडी की मागतोय. मी असलं काही कधी लावलंच नव्हतं?????

घाटमाथा
बिटलॉकर, विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप. तुम्ही नाही लावलं तरी नवीन लॅपटॉपांवर बरेचदा मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की आपोआप चालू होतं आणि की त्याच अकाउंटवर जाऊन बसते. लॅपटॉप पहिल्यांदा सेट कोणी केला होता?

निवांतपणा
मुलाने!! नववीत होता. थांबा विचारते

अर्धा_कप
दुकानात डिस्क देताना तुम्हा लोकांना भीती नाही का वाटत, बँकेचे कागद, आधार सगळं असतं. मी तर तिथेच स्टुलावर बसून राहिले, तो म्हणाला मॅडम कॉपी व्हायला रात्र जाईल, घरी जा

खिडकीपाशी
वाटते की. आमच्या ओव्या चोरून कोण काय करणार होतं, पण पॅन कार्ड पण त्यातच होतं. पावतीवर "कॉपी ठेवणार नाही" लिहून घेतलं, पाळलं का ते देव जाणे.

निवांतपणा
मिळाली!!! मुलाच्या अकाउंटवर. त्याला पासवर्ड आठवेना, मग त्याच्या जुन्या सिमवर ओटीपी, ते सिम आता आजीच्या फोनमध्ये, आजी देवळात 🙏 पण उघडलं. घाटमाथा धन्यवाद हो

तिरफळ
आजी देवळात 😂😂

देवगडवाला
खिडकीपाशी ताई, त्या फाईली युनिकोडमध्ये करून घेतल्या का? श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी सगळ्यांचे कन्व्हर्टर मिळतात. फक्त रफार आणि पहिली वेलांटी नंतर डोळ्यांनी तपासा, तिथे हमखास घोळ होतो.

खिडकीपाशी
अर्ध्या केल्यात. "र्‍या" ने जीव खाल्लाय. भाचीची डिस्क आज तिच्या बाबांनी नेली, बघू.

बोरकूट
ज्यांच्या डिस्का मेल्यात त्यांनी टाकू नका. आत लोहचुंबक असतात, छोटे पण जबरदस्त. दिराने ती फ्रीजरवाली शेवटी खोलली, माझ्याकडे एक शिवणाच्या डब्यात आहे, सांडलेल्या टाचण्या एका फटक्यात गोळा

अर्धा_कप
स्क्रूड्रायव्हर कुठला लागतो? माझा घरचा बसत नाही

घाटमाथा
चांदणीसारखं तोंड असलेला, टॉर्क्स. लॅपटॉपच्या डिस्कला बहुतेक टी5 किंवा टी6. एक स्क्रू स्टिकरच्या खाली लपलेला असतो. आणि दोन चुंबकांच्या मधे बोट घालू नका, चिमटा बसतो.

सातारी_तर्री
बसलाय