पद्मिनीला नवीन इंजिन बसवायचंय, सुरुवात कुठून करू?

गिरगावकर:
नमस्कार मंडळी. बाबांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी आता माझ्याकडे आहे. इंजिन धूर ओकतंय, पेडर रोडच्या चढाला जीव जातो. मारुती एस्टीमचं १.३ लिटर इंजिन स्वस्तात मिळतंय. ते टाकून एसी आणि पॉवर स्टीअरिंगही करून घ्यावं म्हणतो. कुणी केलंय का?

कुर्ल्याचा फिटर:
साहेब, एस्टीमचं इंजिन आडवं बसतं आणि पुढची चाकं ओढतं. पद्मिनी मागच्या चाकांवर चालते. ते उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत, बसवायचं तर गिअरबॉक्स, माउंटिंग, मागच्या चाकांना ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट, सगळंच नव्याने जुळवावं लागेल. स्वस्तातलं इंजिन महागात जाईल. बदलायचंच असेल तर प्रीमियरच्याच ११८ एनई गाडीचं निसानवालं ११७१ सीसी इंजिन गिअरबॉक्ससकट शोधा. ते मुळातच उभं असतं.

पण इंजिनाचा नंबर शेवटी. आधी मागची सीट काढा, मॅट उचला आणि मागचे पाटे (स्प्रिंगा) जिथे बॉडीला धरलेत तिथे पेचकस दाबून बघा. आपल्या खाऱ्या हवेत हा पत्रा वरून रंगाने चकचकीत आणि आतून बिस्किटासारखा झालेला असतो. पेचकस आत घुसला तर आधी वेल्डिंग, बाकी सगळं नंतर. मग ब्रेक. चारही चाकांना ड्रम आहेत, तेही १०८९ सीसीच्या चाळीसेक हॉर्सपॉवरच्या हिशोबाने दिलेले. पुढे डिस्क ब्रेक आणि पेडलचा जोर वाढवणारा बूस्टर लागल्याशिवाय ताकद वाढवू नका, हात जोडून सांगतो. या गाड्या आमच्या कुर्ल्यात बनल्या. टॅक्सीतल्या २०२३ ला रस्त्यावरून गेल्या. राहिल्यात त्या तरी धड राहू देत.

कागदपत्रवाला:
मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचलंत का? आरसीवरच्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच सांगितलं. आधी आरटीओत विचारा. शिवाय २०२८ ला तुमची गाडी ५० वर्षांची होईल. २०२१ च्या नियमांप्रमाणे विंटेज नोंदणी मिळू शकते, फी २०,००० रुपये, पण गाडी मूळ रूपात हवी. आणि त्या नंबरवर रोज ऑफिसला जाता येत नाही, हेही धरून चाला.

गिरगावकर:
रोज नाही न्यायची, रविवारी आईला घेऊन वरळीपर्यंत. मग जुनंच इंजिन बांधून घेऊ का?

कुर्ल्याचा फिटर:
रविवारपुरतं असेल तर डोळे मिटून तेच करा. आधी चारही सिलिंडरचं कम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घ्या आणि आकडे इथे टाका. मग सिलिंडर बोअर करायचे (आतून कापून मोठे करायचे) की नुसत्या पिस्टनच्या रिंगा बदलायच्या ते सांगतो.