अनुभव धागा : तुमची पहिली वेबसाइट कशी उभी राहिली?

कर्वेनगरला मी घरून फराळ करते. चकली, कडबोळी, अनारसे दिवाळीला, आणि भाजणी-मेतकूट बारा महिने. ऑर्डरी सगळ्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतात आणि प्रश्न दर वर्षी तेच असतात. अनारसे किती दिवस टिकतात? बाहेरगावी पाठवता का? किती दिवस आधी सांगायचं? गेल्या दिवाळीच्या दीड महिना आधी ठरवलं, हे सगळं एका जागी नीट लिहून ठेवायचं. त्याआधी माझा संगणकाशी संबंध एमएससीआयटीपुरता आणि मुलाचे प्रवेशाचे फॉर्म भरण्यापुरता.

पहिला आठवडा शब्दांत गेला. डोमेन, होस्टिंग, वेबसाइट हे तिन्ही शब्द लोक एकमेकांच्या जागी वापरतात, म्हणून जास्तच गोंधळ. भाच्याने सांगितलं ते लख्ख कळलं: डोमेन ही दारावरची पाटी, होस्टिंग ही भाड्याची जागा, आणि वेबसाइट म्हणजे आत मांडलेलं सामान. पाटी एकाकडून घ्या, जागा दुसऱ्याकडून. उद्या जागा बदलली तरी पाटी तीच राहते. फक्त नव्या जागेची नोंद सगळीकडे पोचायला काही तास लागतात, कधी कधी दोन दिवसही.

एचटीएमएलची, म्हणजे वेबपान लिहायच्या भाषेतली, दहा-बारा ओळींची फाइल नोटपॅडमध्ये केली. घरी लॅपटॉपवर ‘नमस्कार’ नीट दिसत होतं. अपलोड केलं आणि त्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’, मग एक चिन्ह, मग आणखी एक, अशी रांगच्या रांग. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, रडू यायचं बाकी होतं. कारण असं निघालं की, यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं संगणकात साठवायच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-मात्रा तीन बाइटची, म्हणजे साठवणीच्या तीन छोट्या तुकड्यांची असते. ब्राउझरला ते आधी सांगितलं नाही तर तो प्रत्येक बाइट सुटा वाचतो आणि एका अक्षराची तीन चिन्हं करतो. हेडच्या, म्हणजे पानाच्या वरच्या न दिसणाऱ्या भागाच्या, सुरुवातीला कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ असल्याची एक मेटा ओळ घातली, पान पुन्हा उघडलं, आणि ‘नमस्कार’ आलं. नवऱ्याला झोपेतून उठवून दाखवलं.

अशा गोष्टी कुठे एकत्र सापडत नाहीत, म्हणून हा धागा. तुमचं पहिलं पान कशाचं होतं, कुठे अडलात, कसे सुटलात, तपशिलात लिहा. बारीकसारीक वाटलं तरी लिहा.

सदाशिव पेठ, वय ६८

ताई, तुमची ती चिन्हांची रांग वाचून माझे दिवस आठवले. माझे यजमान पुण्यातल्या झाडांवर लिहीत. एकूण त्रेचाळीस लेख. ते गेल्यावर मला ते लेख सगळ्यांना वाचता येतील असे ठेवायचे होते. अप्पा बळवंत चौकातल्या एका डीटीपीवाल्याकडून त्यांनी ते वेळोवेळी टाइप करून घेतले होते, सीडी माझ्याकडे होती. फाइल उघडली तर रोमन अक्षरं आणि कंस, स्वल्पविराम. मराठी एक अक्षर नाही.

पुतणीने समजावलं. जुन्या फॉन्टमध्ये देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. तो फॉन्ट नसेल तर मराठी गायब. युनिकोड या जगभरच्या सामाईक पद्धतीत आपल्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक आहेत, म्हणून ती कुठेही मराठीच दिसतात. रूपांतर करणाऱ्या सोयी नेटवर आहेत, त्यातून मजकूर काढला. पण रफार आणि पहिली वेलांटी या दोन ठिकाणी दगा होतो. ‘वर्ष’चं ‘वषर्’ झालेलं, ‘धर्म’चं ‘धमर्’, आणि ‘किती’ची वेलांटी आधीच्या शब्दाला चिकटलेली. रोज दोन लेख, छापील कात्रण शेजारी ठेवून, ओळ न् ओळ तपासली.

वेबसाइट वर्डप्रेसवर आहे, म्हणजे कोड न लिहिता वेबसाइट करायच्या तयार सोयीवर. हे २००३ पासूनचं आहे, मोफत आहे, आणि आतली सगळी बटणं मराठीत करून घेता येतात हे मला फार उपयोगी पडलं. ‘प्रकाशित करा’ असं मराठीत लिहिलेलं असलं की हात कापत नाही. पहिला लेख बहाव्यावरचा टाकला. कात्रणाच्या समासात त्यांनी पेन्सिलीने ‘लॉ कॉलेज रस्ता, एप्रिल’ असं लिहिलं होतं. तेही खाली टाइप केलं.

एमपीएससीची तयारी, मूळ गाव परभणीकडे

मेसच्या काकूंसाठी पान केलं. आज जेवणात काय आणि महिन्याचे दर, एवढंच. मित्राच्या विंडोज लॅपटॉपवर सगळं दिसायचं. गिटहब या कोड ठेवायच्या साइटची पानं ठेवायला मोफत सोय आहे, गिटहब पेजेस, तिथे टाकलं तर फोटो गायब. दोन दिवस कोड उलटापालटा केला. शेवटी दिसलं की मोबाइलने फोटोच्या नावाचं शेपूट मोठ्या लिपीत लावलं होतं, जेपीजी कॅपिटलमध्ये, आणि मी कोडमध्ये स्मॉलमध्ये लिहिलं होतं. विंडोजला दोन्ही सारखंच, तिथल्या सर्व्हरला नाही. तेव्हापासून फाइलींची नावं सगळी स्मॉल, मध्ये रिकामी जागा नाही, नावात मराठी अक्षरं नाहीत. मुख्य पानाचं नाव इंडेक्सच पाहिजे, हेही तेव्हाच कळलं.

लक्ष्मी रोडजवळ, शिवणकामाचे क्लास

माझा अनुभव चांगला नाही, पण कोणाचे तरी पैसे वाचतील म्हणून लिहिते. मी पहिली वेबसाइट स्वतः केली नाही, एकाला करायला दिली. पैसे आगाऊ दिले. दोन वर्षं चालली. मग एक दिवस विद्यार्थिनीचा फोन, ‘मॅडम, तुमची साइट उघडत नाही.’ डोमेनची मुदत संपली होती. नूतनीकरण करायला गेले तर डोमेन माझ्या नावावर नव्हतंच. त्याने स्वतःच्या ईमेलने घेतलेलं, आणि तो फोन उचलेना. क्लासचं नाव माझं, पत्रकांवर तोच पत्ता छापलेला, तीन हजार पत्रकं. आणि त्या नावावर माझा काहीही हक्क सिद्ध होईना.

दुसऱ्या वेळी डोमेन मी स्वतः बसून घेतलं. खातं माझ्या ईमेलवर, मोबाइल नंबर माझा, पासवर्ड वहीत. पहिल्या वर्षाचा दर बघून भुलू नका, नूतनीकरणाचा दर वेगळा आणि बहुतेक वेळा जास्त असतो, तो आधी विचारा. मुदतीची तारीख मी दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहिते. काम कोणालाही द्या, चांगली माणसं पुष्कळ आहेत. पण पाटी स्वतःच्या नावावर हवी.

हिंजवडी

अकरा वर्षं वेबसाइट बनवण्याचंच काम करतो, पण पहिलं पान कॉलेजात केलं होतं. त्यातले फोटो माझ्या डी ड्राइव्हवरून जोडलेले. माझ्याकडे दिसायचे, जगात कोणालाच नाही. नवशिक्यांकडे आजही सगळ्यात जास्त वेळा हीच चूक बघतो. फोटो साइटच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तिथूनच जोडा.

माझं मत विचाराल तर वर्डप्रेस वापरणार असलात तरी आधी एक पान हाताने लिहा. जगातली पहिली वेबसाइट टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत केली आणि १९९१ मध्ये लोकांसमोर आणली. ती आजही इन्फो डॉट सर्न डॉट सीएच इथे बघता येते. त्यात चित्र नाही, रंग नाही. मजकूर आणि दुवे. ते पान उघडून कंट्रोल-यू दाबा, त्यामागचा कोड दिसेल, आणि तुम्हाला तो एका बैठकीत वाचता येईल. ३० एप्रिल १९९३ ला सर्नने हे तंत्र सगळ्यांसाठी खुलं केलं, म्हणून मेसच्या पानाला आज कोणाची परवानगी लागत नाही. हल्ली एआयला सांगून अख्खं पान मिळतं, जरूर घ्या, पण प्रत्येक ओळ काय करते ते त्यालाच विचारून घ्या. नाहीतर पहिल्याच बदलाला अडाल.

मराठीसाठी खास : दोन ओळींतलं अंतर जरा जास्त ठेवा. इंग्रजीच्या मापाने ठेवलेल्या ओळीत आपल्या मात्रा, रफार आणि खालचे उकार एकमेकांत घुसतात. मी अक्षराच्या आकाराच्या दीडपटीहून थोडं जास्तच ठेवतो. फॉन्ट मुक्ता घ्या, मोफत आहे. आणि साइट सुरक्षित दिसण्यासाठी (काही ब्राउझरांत पत्त्यापुढे कुलूप येतं) जे प्रमाणपत्र लागतं ते लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळतं. होस्टिंगवाला त्याचे वेगळे पैसे मागत असेल तर का ते विचारा.

कोथरूड

मला दिसत नाही. मोबाइल आणि लॅपटॉप मी आवाजावर वापरतो. स्वतःची वेबसाइट अजून केली नाही, तयारी चालू आहे, पण वाचणारा म्हणून तुमच्याशी बोलायचं आहे.

फराळवाल्या ताई, तुमचं पान मी उघडलं. अनारशांबद्दलचा मजकूर सगळा ऐकला, छान लिहिलाय. दरपत्रकाशी आलो आणि आवाज म्हणाला, ‘चित्र’. पुढे काही नाही. तुम्ही ते फोटो म्हणून लावलं आहे. मला भाव कळला नाही, म्हणून ऑर्डर दिली नाही.

तीन गोष्टी सगळ्यांनीच करा. फोटोला कोडमध्ये ऑल्ट, म्हणजे आवाजात वाचून दाखवायच्या वर्णनाची जागा असते, तिथे फोटोत काय आहे ते एका ओळीत लिहा. पानाच्या पहिल्या टॅगमध्ये, म्हणजे कोडमधल्या कंसातल्या खुणेत, भाषा मराठी, म्हणजे एमआर, अशी नोंदवा. तयार साच्यात तिथे इंग्रजी असते आणि मग माझा लॅपटॉप मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायला जातो, एक शब्द समजत नाही. आणि मथळा नुसता ठळक, मोठा करू नका, हेडिंगचा टॅग लावा. मी एच ही कळ दाबत मथळ्यावरून मथळ्यावर जातो. मथळेच नसले तर सगळं पान पहिल्यापासून ऐकावं लागतं.

कर्वेनगर (धागा काढणारी)

कोथरूडचे दादा, तुमचं काल रात्री वाचलं. ते दरपत्रक मी मोठ्या हौसेने रंगीत करून घेतलं होतं. कोणाला ते वाचता येणार नाही हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. आज दुपारी भाजणी भाजून झाल्यावर बसले. टेबलचा टॅग शिकले. पदार्थ, वजन, किंमत असे तीन रकाने, चौदा ओळी, सगळं टाइप केलं. भाषेच्या जागी खरोखर इंग्रजी होतं, तेही बदललं. कडबोळ्यांच्या फोटोच्या ऑल्टमध्ये लिहिलं, ‘स्टीलच्या डब्यात रचलेली भाजणीची कडबोळी’. आता एकदा पुन्हा ऐकून बघाल का? कुठे अडलं तर ओळ सांगा.

कोथरूड

ऐकलं. अर्धा किलो चकली आणि पाव किलो अनारसे लिहून घ्या.