अनुभव धागा: 'इथे आपण प्रवासी' – तुम्हाला कधी पटलं, कधी बोचलं?

नगरची नात

सलाम मंडळी!

आजीच्या ट्रंकेत अगदी तळाशी एक पांढरं पातळ असायचं. दर नाताळला ती त्यातल्या डांबराच्या गोळ्या बदलायची आणि आम्हाला बजावायची, "हात लावू नका, ते माझं माहेरी जायचं पातळ आहे." तिचं माहेर राहुरीकडचं, पण हे माहेर ते नव्हे, एवढं आम्हालाही कळायचं. हीच आजी घरपट्टी चुकीची आली म्हणून नगरपालिकेत तीन चकरा मारून आली होती. मी चिडवलं, "तू तर जाणार आहेस ना माहेरी?" तर म्हणाली, "जाणारे म्हणून काय भाडं जास्त देऊ?"

आमच्या नगरला १८३१पासून मिशन आहे. बायबलच्या इब्रीकरांस पत्रातलं 'परके व प्रवासी' तेव्हापासून इथल्या कानांवर पडत असणार. पण आजी त्याला माहेरच म्हणायची. ना. वा. टिळक म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. वारकऱ्यांचं हे माहेर बहुधा त्याच पुलावरून आमच्या घरात आलं असावं.

तर 'आपलं खरं घर स्वर्गात' हे आपण शब्बाथ शाळेपासून, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गापासून ऐकतो. तुमच्या जगण्यात ते कधी खरं वाटलं? कधी बोचलं? पटलं नसेल तर तेही लिहा. प्रवचनं मात्र नकोत, ती रविवारी ऐकतोच.

शेंडेफळ

मी सुरुवात करते, कारण माझं छोटंसं आहे. बाईंनी शब्बाथ शाळेत सांगितलं की स्वर्गात रात्रंदिवस स्तुतिगान चालतं. मी सात वर्षांची. दीड तासाच्या उपासनेत माझे पाय बाकावरून लोंबकळून मुंग्या यायच्या. घरी येऊन भोकाड पसरलं की मला नाही जायचं. वडिलांनी आईला हळूच सांगितलेलं मी ऐकलं, "मलाही थोडी भीतीच आहे."

वाडीवाला, वसई

आम्ही कॅथलिक. वाडी वसईच्या पश्चिम पट्ट्यात, केळी आणि मोगरा. बिल्डरचा माणूस यायचा, दर वेळी आकडा वाढलेला. एकदा त्याने बाबांना बायबलच ऐकवलं, की तुमच्यात तर पृथ्वीवर संपत्ती साठवू नका म्हणतात ना? बाबांनी त्याला विहिरीपाशी नेलं. म्हणाले, "ही माझ्या आजोबांनी खणली. वर गेल्यावर ते विचारतील, पाणी गोडं आहे का अजून? काय सांगू?"

पाणी गोडं राहणं ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. टँकरवाले विहिरी उपसत होते आणि गावोगाव भीती होती की खारं पाणी आत शिरेल. त्या लढ्यात हरित वसई संरक्षण समितीच्या पुढे उभे होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले २०२० साली, पण आमच्या घरी ते 'पाण्याचे फादर'च. लोकांना स्वर्गाची वाट दाखवणं ज्यांचं काम, ते भूजल पातळीवर बोलायचे. काहींना ते रुचत नसे. चर्चने चर्चचं बघावं म्हणायचे.

बाबा गेले. दर २ नोव्हेंबरला आम्ही कबरीवर मोगरा नेतो, आमच्याच वाडीतला. तेवढीच वाडी उरली आहे आता. बाकीची आम्ही भावांनी विकली. खोटं कशाला बोलू.

रात्रपाळी

मिरजेत नर्सिंग शिकले, कुवेतला अकरा वर्षं काढली. तिथे कितीही वर्षं राहा, नागरिक होत नाही. व्हिसा नोकरीवर, नोकरी संपली की सामान आवरा. खोलीत आम्ही चौघी, दोघी केरळच्या. शुक्रवारी प्रार्थना असायची आणि फिलिप्पैकरांस पत्रातलं 'आपले नागरिकत्व तर स्वर्गात आहे' वाचलं की सगळ्या एकमेकींकडे बघून हसायच्या. प्रत्येकीच्या कपाटात पासपोर्टची झेरॉक्स.

अकरा वर्षांत मी त्या भिंतीत एक खिळा मारला नाही. कॅलेंडरसुद्धा फ्रिजला मॅग्नेटने. पण कामात कधी कुचराई केली नाही, उलट जास्तच केलं. पेशंटला कुशीवर वळवताना वाटायचं, हाही इथला नाही, मीही नाही.

परत आल्यावर मिरजेत घर बांधलं आणि पहिल्याच आठवड्यात सतरा खिळे मारले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, भिंत आहे का वारूळ?"

उंबरा

नगरच्या आजींचं माहेर वाचून लिहितेय. बायकांना हे वेगळं शिकवावं लागत नाही हो. सासरी परक्या घरची, माहेरी चार दिवसांची पाहुणी. पेत्राने 'प्रवासी व परदेशवासी' लिहिलं तेव्हा त्याच्या मनात कोण होतं माहीत नाही, पण मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ते वाचलं जातं तेव्हा बायकांच्या बाजूला कुणी दचकत नाही.

सातबारा

माझा सूर वेगळा लागेल, माफ करा.

आम्ही जालन्याकडचे. पणजोबांनी दुष्काळात बाप्तिस्मा घेतला. गावाने 'बाटगे' म्हटलं, अजून भांडणात तोच शब्द येतो. मिशनने शाळा दिली, पणजोबा वाचायला शिकले, हे खरं. पण 'तुम्ही इथले नाहीत' हे वाक्य मी वेशीवर ऐकतो आणि रविवारी वेदीवरूनही ऐकतो. शब्द जवळजवळ तेच. एक हाकलायला, एक धीर द्यायला. लहानपणी मला फरक कळायचा नाही.

कागदावरही तसंच. १९५०च्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६ला शीख आले, १९९०ला बौद्ध. ख्रिस्ती अजून बाहेर. माझा चुलतभाऊ बौद्ध, त्याला दाखला मिळतो. विहीर आमच्या दोघांच्या आजोबांना एकच बंद होती.

वडील वारले तेव्हा गावात दफनाला अडवलं. जागा पिढ्यानपिढ्या वापरात, पण सातबाऱ्यावर नोंद नव्हती. दुपारी बाराला आणलेली पेटी संध्याकाळी सहापर्यंत टेम्पोत. तलाठी आला, पंचनामा झाला, मग माती मिळाली. पाळकसाहेबांनी प्रार्थनेत म्हटलं, यांचं नाव जीवनाच्या पुस्तकात लिहिलेलं आहे. मी आमेन म्हटलं. मनापासून म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी तहसीलला अर्ज दिला. नोंद व्हायला चार वर्षं लागली. तो उतारा मी बायबलमध्ये ठेवलाय, प्रकटीकरणाच्या पानांत.

नगरची नात

@सातबारा, माफी कसली. अशांसाठीच धागा काढला.

पाळकाचा पोरगा

वडील पाळक. दर चार-पाच वर्षांनी बदली. घर मंडळीचं, पलंग मंडळीचा, चहाचे कप मोजून ताब्यात घ्यायचे आणि मोजून परत द्यायचे. एकदा माझ्या हातून बशी फुटली तर आईच्या चेहऱ्यावर मी जो हिशेब पाहिला तो विसरलो नाही.

छत्तीस वर्षं त्यांनी स्वर्गातल्या घराबद्दल सांगितलं. निवृत्त झाले त्या महिन्याच्या अखेरीस बंगला रिकामा करायचा होता आणि आम्हाला जायला घर नव्हतं. भाड्याच्या दोन खोल्या. मला संताप आला होता, अजूनही येतो. ज्यांनी फंडाचं बघायला हवं होतं त्यांचीही स्वर्गात घरं होती, पण पुण्यातही होती.

वडिलांना मात्र एक खोड. प्रत्येक बंगल्यात गेल्या गेल्या शेवगा लावायचे. आई म्हणायची, शेंगा दुसरेच खाणार. ते यिर्मयाचं पत्र सांगायचे: बाबेलला धरून नेलेल्यांना देव म्हणतो, घरे बांधा, मळे लावा. "कैद्यांना सांगितलंय, आपण तर पगारी आहोत." मागच्या वर्षी त्यांना घेऊन जुन्या गावी गेलो. शेवगा छपराच्या वर गेलेला. आताच्या पाळकबाईंनी पिशवीभर शेंगा दिल्या. बाबांनी गाडीत त्या मांडीवर धरल्या होत्या, डिकीत ठेवू दिल्या नाहीत.

खिडकीजवळची

रोज वाचत होते, आज लिहिते.

आमचे हे २०२१च्या एप्रिलमध्ये गेले, कोविडने. भेटू दिलं नाही. कब्रस्तानात पाच माणसं, सगळी प्लास्टिकच्या कपड्यांत. नंतर फोनवर प्रत्येक जण तेच: "ते चांगल्या जागी आहेत, वहिनी." मला वाटायचं विचारावं, आमची जागा वाईट होती का? दोन खोल्या होत्या, गॅलरीत तुळस होती (हो, तुळस, खोकल्यासाठी), स्कूटरचे हप्ते चालू होते. त्यांना आवडायचं इथे. स्वर्गाचा मला रागच आला होता त्या दिवसांत. माझ्याकडून काहीतरी हिसकावून नेणारं ठिकाण वाटायचं.

यांची एक सवय होती. दर मे महिन्यात आम्ही स्वारगेटहून कोल्हापूरला जायचो. मुलगा लहानपणी त्याला 'स्वर्गगेट' म्हणायचा. गाडी फलाटाला लागायच्या आत हे पळत सुटायचे. दार उघडेपर्यंत थांबणारे नव्हेत, खिडकीतून रुमाल टाकायचे, कधी टोपी, एकदा तर मुलाचा एक बूट. मी मागून बॅगा आणि पोरं सांभाळत, धक्के खात, मनात चरफडत. आत चढावं तर हे तीन जणांच्या बाकावर आडवे हात पसरून बसलेले, कंडक्टरशी वाद चालू: "येतायत हो, मागे आहेत माणसं."

वर्षाच्या स्मरण-प्रार्थनेला पाळकसाहेबांनी योहानाचा चौदावा अध्याय काढला. माझ्या पित्याच्या घरात राहण्याच्या जागा पुष्कळ आहेत, मी तुमच्यासाठी जागा तयार करण्यास जातो. आणि मला फिस्सकन हसू आलं. थांबेना. पदर तोंडात कोंबला. सगळ्यांना वाटलं रडतेय, नणंद पाठीवरून हात फिरवायला लागली. मुलाने माझ्याकडे बघितलं आणि त्याला कळलं, कारण तो हळूच म्हणाला, "आई, बूट टाकला असेल."