शेअर्ड होस्टिंगवरील डेटाबेस नाहीसा झाला आहे. शोध कोठून सुरू करावा?

ग्रंथसेवक, सदाशिव पेठ
नमस्कार. आमच्या वाचनालयाची ग्रंथसूची मी सांभाळतो. होस्टिंग कंपनीने आमचे खाते नव्या सर्व्हरवर हलवल्यापासून संकेतस्थळावर १०४९ क्रमांकाची, म्हणजे ‘अननोन डेटाबेस’ ही त्रुटी येत आहे. सी-पॅनेल या होस्टिंगच्या नियंत्रण-पटलातून पीएचपी-माय-अॅडमिन हे डेटाबेस पाहण्याचे साधन उघडले, तर डावीकडे केवळ ‘इन्फर्मेशन स्कीमा’ हा सर्व्हरचा स्वतःचा माहितीसाठा दिसतो. जुन्या कार्डांवरून कार्यकर्त्यांनी संध्याकाळी बसून केलेल्या नोंदी त्यात आहेत, त्यामुळे जीव टांगणीला लागला आहे. त्याच नावाचा नवा डेटाबेस तयार करून पाहू का?

कोथरूडकर
कृपया तसे करू नका. रिकामा डेटाबेस तयार झाला, की रात्रीचा बॅकअप त्याचीच प्रत घेईल, आणि मोजक्याच दिवसांच्या प्रती ठेवल्या जात असतील, तर चांगली प्रत त्यात पुसली जाईल. त्रुटीचा क्रमांक येथे बरेच सांगून जातो. १०४४ आली असती, तर वापरकर्त्याला अधिकार नाहीत एवढेच कळले असते, डेटाबेस आहे की नाही हे कळले नसते. १०४९ येते याचा अर्थ पासवर्ड बरोबर आहे, अधिकारही आहेत, पण त्या नावाचा डेटाबेसच तेथे नाही. मायएसक्यूएल या डेटाबेस सांभाळणाऱ्या प्रणालीत अधिकारांची नोंद डेटाबेसपासून वेगळी असते, म्हणून स्थलांतरात वापरकर्ता आला आणि डेटा मागे राहिला, असे होऊ शकते. तरीही संकेतस्थळाच्या कॉन्फिग (मांडणीच्या) फाइलमधील डेटाबेसचे नाव, त्याआधी जोडलेल्या खात्याच्या उपसर्गासह, एकदा अक्षरशः ताडून पाहा.

हडपसरहून
जुना सर्व्हर पुसला जाण्यापूर्वी, आजच, लेखी तक्रार नोंदवा आणि ‘मायएसक्यूएलडम्प’ने काढलेली प्रत, म्हणजे सगळा डेटा मजकुराच्या एका फाइलमध्ये उतरवलेला ‘डम्प’, मागा. डेटाबेसचे नुसते फोल्डर उचलून दिले, तर इनोडीबी या मायएसक्यूएलच्या साठवण-पद्धतीतील तक्ते बहुधा उघडणार नाहीत, कारण त्यांची काही माहिती त्या फोल्डरबाहेरील सामाईक फाइलमध्ये असते.

ग्रंथसेवक
आपला तर्क खरा ठरला. डेटाबेस जुन्या सर्व्हरवरच राहिला होता आणि काल त्याचा डम्प मिळाला. मात्र आयात केल्यावर पुस्तकांची नावे संकेतस्थळावर प्रश्नचिन्हांच्या रूपात दिसत आहेत.

कोथरूडकर
डम्पची फाइल एडिटरमध्ये उघडा. तेथे देवनागरी नीट दिसत असेल, तर डेटा शाबूत आहे. रिकाम्या डेटाबेसमध्ये ‘यूटीएफ८एमबी४’ हा देवनागरी सामावणारा कॅरेक्टर सेट (अक्षरे साठवण्याची सांकेतिक पद्धत) निवडून पुन्हा आयात करा आणि संकेतस्थळाच्या जोडणीतही तोच कॅरेक्टर सेट ठेवा. फाइलमध्येच प्रश्नचिन्हे असतील, तर अक्षरे डम्प काढतानाच गेली आहेत, तेव्हा डम्प नव्याने मागवावा लागेल.

ग्रंथसेवक
फाइलमध्ये पहिल्याच नोंदीत ‘कादंबरी’ स्वच्छ वाचता आले. पुन्हा आयात केली आहे, सूची पूर्ववत दिसते. दोघांचेही मनापासून आभार.