शनिवारी ज्युरी आहे, लॅपटॉपमधलं कुणाला कळतं का?

बी-३०४ गोखले: नमस्कार 🙏 विषय सोसायटीचा नाही, त्याबद्दल आधीच क्षमस्व. ईशाची शनिवारी कॉलेजात ज्युरी आहे, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडायचंय, आणि लॅपटॉप रडतोय. स्केचअपमध्ये (इमारतीचं थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) मॉडेल फिरवायला गेलं की अडकत अडकत फिरतं. जिन्याजवळ झूम केलं तर चक्क थांबतं. दोनच वर्षं झालीत घेऊन, वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे म्हणून जास्त पैसे मोजले होते.

ए-२०३ बापट: फॉरमॅट मारा.

बी-३०४ गोखले: काका, मागच्या रविवारी तुमच्याच सांगण्यावरून मारला. तेव्हापासून जास्तच अडकतोय.

ए-२०३ बापट: मग नीट मारला नसेल.

ए-१०२ सावंत: व्होल्टेज बघा. गच्चीवरचा पंप लागला की आमचा टीव्हीसुद्धा डोळा मारतो. मी मार्चपासून सांगतोय.

सेक्रेटरी कदम: सावंतसाहेब, पंपाचा विषय सभेत झालाय. इतिवृत्त वाचावे ही विनंती.

ए-१०२ सावंत: इतिवृत्त मिळालं तर वाचू ना.

सी-५०१ निखिल: काकू, कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबायला सांगा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्स. खाली जीपीयू ० आणि जीपीयू १ असे दोन दिसतील, जीपीयू म्हणजे ग्राफिक्सची चिप. मॉडेल फिरवताना कुणाचा आकडा चढतो ते कळवा.

बी-१०४ पाटील काकू: आमच्याकडे एकच जीपीयू आहे, तोही रविवारी चढतो 😄

बी-३०४ गोखले: ० वर इंटेल लिहिलंय, तो ९५ टक्के. १ वर एनव्हिडिया, तो शून्यावर बसलाय.

सी-५०१ निखिल: म्हणजे मोठं कार्ड झोपलंय आणि सगळं प्रोसेसरमधलं छोटं ग्राफिक्स ओढतंय. बॅटरी वाचावी म्हणून विंडोज असं करतं. पूर्वी कुणीतरी सेटिंग बदलून दिलं असणार, फॉरमॅटमध्ये ते पुसलं गेलं. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, सगळ्यात खाली ग्राफिक्स. यादीत स्केचअप घ्या, ऑप्शन्समध्ये हाय परफॉर्मन्स, सेव्ह. स्केचअप बंद करून पुन्हा उघडा.

ए-२०३ बापट: म्हणजे आता खापर माझ्यावर का?

सी-५०१ निखिल: तसं नाही काका.

सी-२०२ शिंदे: मध्येच विचारतो, बी विंगच्या गेटसमोर पांढरी गाडी कुणाची आहे? तिसऱ्यांदा विचारतोय.

बी-३०४ गोखले: निखिल, आता १ चा आकडा चढतोय. थोडा फरक आहे, पण झूम केलं की पुन्हा तेच. आणि एक, चार्जिंगला लावलेला असूनही बॅटरी उतरते. सकाळी ८० होती, आत्ता ६१.

ए-२०३ बापट: बॅटरी गेली. बॅटरी बदला आणि फॉरमॅट मारा.

सी-५०१ निखिल: थांबा. चार्जरच्या ठोकळ्यामागे बारीक अक्षरं असतात. आउटपुटपुढे काय लिहिलंय?

बी-३०४ गोखले: चष्मा लावून वाचते. १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर.

सी-५०१ निखिल: गुणाकार करा, ६५ वॉट. कार्डवाल्या तुमच्या लॅपटॉपबरोबर १८० वॉटचा येतो, ९.२३ अँपिअर लिहिलेला. पिन सारखीच, म्हणून हाही बसतो. पण वीज पुरत नाही म्हटल्यावर लॅपटॉप स्वतःचा वेग पाडतो आणि वर बॅटरीतली पण खातो. सुरू करताना काळ्या स्क्रीनवर काही येतं का?

बी-३०४ गोखले: येतं! अ‍ॅडॉप्टरचं काहीतरी इंग्रजीत. ईशा न वाचता एफ वन दाबते आणि पुढे जाते. पंधरा दिवस झाले.

सी-२०२ शिंदे: पांढरी गाडी??

बी-३०४ गोखले: पंधरा दिवसांपूर्वी वार्षिक सभा होती. प्रोजेक्टरसाठी आमचा लॅपटॉप कदमसाहेबांनी नेला होता. चार्जरसकट.

सेक्रेटरी कदम: मॅडम, सहकार्याबद्दल समितीने आभार मानलेले आहेत. टेबलावर तीन लॅपटॉप होते, एक्स्टेन्शन बोर्ड एकच. चार्जरला नावं नव्हती. समितीवर आरोप नको.

बी-३०४ गोखले: आरोप नाही केला. जे झालं ते लिहिलं.

बी-१०४ पाटील काकू: खर्चाच्या तक्त्यात 'चार्जर अदलाबदल' असं कलम टाका आता.

सी-५०१ निखिल: त्या दिवशी ज्यांनी लॅपटॉप आणले होते त्यांनी ठोकळा उलटा करून बघा प्लीज. मोठा, जवळजवळ विटेएवढा असेल.

(बराच वेळ कुणीच काही लिहीत नाही. सावंतांचा पंपाचा फोटो येतो.)

ए-२०३ बापट: माझ्या बॅगेत एक मोठा आहे. ९.२३. मला वाटलं हिने बदलून आणला.

बी-१०४ पाटील काकू: 🤐

ए-२०३ बापट: माझा लॅपटॉप त्याच्यावर उत्तम चालतो, म्हणून लक्ष गेलं नाही.

सी-५०१ निखिल: चालणारच काका. जास्त वॉटचा चालतो, लॅपटॉप लागेल तेवढंच ओढतो. कमी वॉटचा लावला की गडबड.

बी-३०४ गोखले: ईशाला पाठवते खाली.

बी-३०४ गोखले: आणला. काळ्या स्क्रीनवरचा मेसेज गेला. जिना, वरचा सज्जा, सगळं एका दमात फिरलं. निखिल, उद्या पुरणपोळ्या घेऊन जा रे बाबा. बापटकाका, तुमचा चार्जरही ईशाबरोबर पाठवलाय.

ए-२०३ बापट: मिळाला. माझ्या वायरला सेलोटेप नव्हती.

बी-३०४ गोखले: आमच्याकडे आला तेव्हापासून आहे.

ए-२०३ बापट: नव्हती.

सेक्रेटरी कदम: कृपया पर्सनलवर बोला. ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे.

सी-२०२ शिंदे: मग पांढरी गाडी कुणाची ते सांगा.