मदत हवी आहे : जपान आणि मेक्सिको यांचे मक्याच्या आयातीवरील अवलंबित्व कसे मोजावे?

सप्रेम नमस्कार. 1961 पासून आजपर्यंत जपान आणि मेक्सिको हे दोन देश आयात मक्यावर किती विसंबून राहिले, याची तुलना मी करीत आहे. आयातीला उत्पादन अधिक आयात वजा निर्यात या बेरजेने भागावे, ही रूढ पद्धत मी वापरली. परंतु जपानमध्ये धान्यासाठी मका जवळजवळ पिकतच नसल्याने 1970 नंतर त्याची रेषा शंभर टक्क्यांना चिकटून सरळ जाते आणि तिच्यातून काहीच उलगडत नाही.

मेक्सिकोचे कोडे याहून अवघड आहे. साठच्या दशकात काही वर्षे मका निर्यात करणारा हा देश 1994 च्या उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार करारानंतर अमेरिकेकडून पूर्वीपेक्षा बराच अधिक पिवळा मका घेऊ लागला. तो मुख्यतः पशुखाद्यात जातो, तर तोर्तियाचा (तिथल्या रोजच्या मक्याच्या पोळीचा) पांढरा मका बहुतांशी देशातच पिकतो. दोन्हींची एकत्र बेरीज केल्यास माणसाच्या ताटातले अवलंबित्व फुगून दिसते, असे मला वाटते.

शिवाय जागतिक अन्न व कृषी संघटनेचे आकडे कॅलेंडर वर्षाचे, तर अमेरिकी कृषी खात्याचे ऑक्टोबर ते सप्टेंबर अशा वर्षाचे असतात. तीन वर्षांची सरासरी घेतल्याने हा फरक पुरेसा झाकला जाईल का? आणि जपानसाठी गुणोत्तराऐवजी दरडोई आयात किंवा पुरवठादार देशांचा वाटा हे माप अधिक बोलके ठरेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.