मदत हवी आहे: अमृतसरला तीन दिवस, सोबत माळकरी आई आणि मासेखाऊ मेहुणा

मंडळी, नमस्कार.

जानेवारीत सचखंड एक्सप्रेसने परभणीहून अमृतसरला निघतोय. मूळ बेत आईचा. २०१५ला घुमानला साहित्य संमेलन झालं, तेव्हापासून तिचं एकच टुमणं आहे, की नामदेव महाराज जिथे राहिले ते गाव एकदा बघायचंय. घुमानला एक दिवस जाईल. उरलेले दोन दिवस अमृतसर, आणि तिथून माझा स्वार्थ सुरू होतो.

कुठे खायचं याच्या याद्या माझ्याकडे ढीगभर आहेत, त्या कृपया देऊ नका. मला हवंय ते असं: किती मागवायचं, किती वाजता गाठायचं आणि काय म्हणून मागायचं.

कारण एकदा हात पोळलेत. काही वर्षांपूर्वी कंपनीच्या कामाला लुधियानाला गेलो होतो. सकाळी एका ढाब्यावर ऐटीत दोन आलू पराठे आणि लस्सी सांगितली. पराठा ताटाबाहेर डोकावत होता, वर लोण्याचा गोळा. लस्सीचा पितळी ग्लास हातभर उंच, आणि वरची साय इतकी जाड की पोऱ्याने न मागता चमचा आणून ठेवला. लाजेकाजेस्तव सगळं संपवलं आणि अकराच्या मीटिंगमध्ये चक्क पेंगलो. साहेब अजून टोमणे मारतात.

तर अडचणी अशा. आई ६८ वर्षांची, गळ्यात माळ, थोडी शुगर आहे, गुडघे कुरकुरतात. अंडंसुद्धा शिजतं त्या भांड्यातलं तिला चालत नाही. त्यात मधलाच दिवस एकादशीचा. मेहुण्याला अमृतसरी मच्छी खायचीच आहे, तीही रोज. बायको म्हणते मला फक्त कुलचा दाखवा, बाकी तुमचं चालू द्या. तिघांना एका जागी बसवायचं की पांगवायचं? आणि एकादशीला आईला तिथे काय मिळेल?

आगाऊ धन्यवाद.

जुना_फौजी:
अमृतसर छावणीत तीन वर्षं काढलीत, म्हणून बोलतो.

कुलचा सकाळचा. दहा-अकरापर्यंत गाठा, दुपार उलटली की चांगल्या ठिकाणी पीठ संपलेलं असतं. हा आपल्याकडच्या हॉटेलातला मऊ पांढरा कुलचा नव्हे. पदर सुटलेला, आत बटाटा नाहीतर फ्लॉवर, तंदूरच्या भिंतीला चिकटवून खरपूस केलेला. बाहेर काढला की कारागीर दोन्ही तळव्यांत धरून तो चुरडतो, पदर मोकळे होतात, मग वर लोणी. नव्या माणसाला वाटतं मोडला. सोबत छोले आणि चिंच-कांद्याची आंबट चटणी. एका माणसाला एक पुरे. काकूंसाठी "मक्खन अलग" म्हणा, वेगळ्या वाटीत देतात.

लस्सी चौघांत दोन. जास्तीचे रिकामे ग्लास मागायला लाजू नका, तिथलेही मागतात. पेड्याची लस्सी जेवणावर घेऊ नका, तेच एक जेवण आहे.

मीनल_ल:
माळकऱ्यांसाठी एक शब्द पाठ करा: "वैष्णो". पाटीवर वैष्णो ढाबा असेल तर अंडंही नाही. आम्हाला आधी वाटलं सगळे वैष्णोदेवीच्या नावाने उघडलेत!

केसर दा ढाबा शाकाहारीच आहे. १९१६ला शेखूपुऱ्यात सुरू झालेला, फाळणीनंतर इकडे आला. उडदाची डाळ रात्रभर मंद आचेवर असते, ती आणि फिरनी (भरड तांदळाची खीर), एवढंच घ्या. मात्र गल्ली अरुंद, गाडी आत जात नाही. गुडघ्यांसाठी ई-रिक्षा करा.

लंगर चुकवू नका. रात्री दोनलाही चालू असतो. आईंना तर माहेरी आल्यासारखं वाटेल, कारण शब्दही तोच: पंगत. पोळी वाढायला आले की दोन्ही तळहात जोडून पुढे करा, प्रसादासारखी घ्यायची असते. लागेल तेवढंच घ्या, ताटात टाकायचं नाही. डोकं झाकायला सगळ्यांनी रुमाल ठेवा.

खवय्या_खवचट:
मेहुण्यांना मजिठा रोडला सोडा आणि तुम्ही पळा. एका जागी बसवायच्या भानगडीत पडू नका. मासा बेसन-ओव्याच्या पातळ आवरणात तळलेला असतो, वजनावर मिळतो, दोघांत पाव किलो मागवून बघा. ओवा जास्त, म्हणून कोकणी माणसाला पहिला घास परका लागतो. दुसऱ्यापासून नाही.

पण एक सावधगिरी, आणि ही गंमत नाही. तिथल्या लाडक्या माशाचं नाव सिंघाडा. आपल्या उपासाच्या शिंगाड्यालाही हिंदीत हेच म्हणतात. एकादशीच्या दिवशी काकूंनी भलत्या दुकानात "सिंघाडा है क्या" विचारलं, तर समोर काय येईल ते तुम्हीच ठरवा.

जुना_फौजी:
हा हा, खरंय. आमच्या एका सुभेदाराचा उपास असाच संकटात आला होता.

एकादशीला तिकडे आपल्यासारखी उपासाची हॉटेलं शोधू नका. नवरात्रात कुट्टूच्या, म्हणजे तिकडच्या उपासाच्या पिठाच्या, पुऱ्या वगैरे दिसतात, एरवी नाही. पण जानेवारी आहे ना, मग शकरकंदीच्या गाड्या. म्हणजे निखाऱ्यावर भाजलेली रताळी. सोलून, कापून, लिंबू पिळून देतात. "मसाला मत डालना" आधीच सांगा, नाहीतर हात आपोआप चाट मसाल्याकडे जातो. किन्नूची (संत्र्यासारखी) फळंही ढिगाने असतात. रस नको, फळ खा. शुगरचं मात्र डॉक्टरांना विचारून. बाकी भगर घरून न्या.

मीनल_ल:
घरी परतताना वड्या आणा. उडदाच्या, मुठीएवढ्या, मिरी-धणे भरडून घातलेल्या, उन्हात वाळवलेल्या. आपल्या सांडग्यांची थोरली, तापट बहीण. बटाट्याच्या रश्शाला अर्धी फोडून घातली तरी चौघांचं भागतं. मी पहिल्यांदा दोन अख्ख्या घातल्या होत्या, रस्सा कोणीच खाल्ला नाही.

आणि हो, सचखंडमध्ये वाटेत काही स्टेशनांवर लंगर वाटतात. डबे-ताटल्या हाताशी ठेवा, वरच्या बॅगेत नकोत.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. "मक्खन अलग" आणि "मसाला मत डालना" आईने वहीत लिहून घेतलंय, देवनागरीत, मोठ्या अक्षरात.

सिंघाड्याचं मेहुण्याला सांगायला नको होतं. तो आता म्हणतोय मीही एकादशी धरतो.

एकच राहिलं. भगर आणि दाण्याचा कूट बांधून नेतोय, पण खोलीवर गॅस नसणार. विजेच्या केटलीत भगर शिजते का? कोणी करून पाहिलंय?